मोकळं कपाळ

८ जानेवारी १९७८. नलूच्या घरी, इंग्लंड.

आज पट्टी कायमची निघाली. नर्सने आरसा पुढे केला. म्हटलं, नको. ती गेल्यावर मीच उचलला.

कपाळावर माझ्याच मांडीची कातडी. जांभळट, चकचकीत, कडेने टाक्यांची रेघ. गोधडीला ठिगळ लावावं तशी. पण भुवई खाली आली! स्टोव्ह भडकला त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून डावी भुवई वर ओढलेली, डोळा वटारलेला, झोपेतसुद्धा अर्धा उघडा. आज मिटून बघितला. मिटतो. उघडला, परत मिटला. असं किती वेळ केलं कोण जाणे.

नलू हॉस्पिटलातून ड्यूटी संपवून आली. माझी धाकटी बहीण, तिथेच नर्स आहे, म्हणून तर हे सगळं जमलं. म्हणाली, "ताई, आता तू चिडलेली दिसत नाहीस."

म्हटलं, आतून आहेच. ते कोण काढणार?

११ जाने.

सर्जनना दाखवलं. (इथे सर्जनला डॉक्टर म्हणायचं नाही, मिस्टर म्हणायचं. एवढं शिकून मिस्टर!) नलू मध्ये बसून भाषांतर करत होती. वर्षभर ऊन लागू द्यायचं नाही. खाजवायचं नाही. रोज दोनदा लॅनोलिन लावून अंगठ्याने दाबून, गोल गोल मालिश. नाहीतर कातडी आवळत जाईल आणि भुवई परत वर. पावडर, क्रीम, रंग काही म्हणजे काही नाही.

मी विचारलं, कुंकू?

नलूने सांगितलं. ते म्हणाले, मेकअप चालणार नाही. नलू म्हणाली, हा मेकअप नाही. मग काय आहे, त्यांनी विचारलं. नलू माझ्याकडे बघते, मी नलूकडे. दोघींना सांगता येईना. शेवटी तेच म्हणाले, जे काही असेल ते, एक वर्ष नाही.

१४ जाने.

संक्रांत. बाहेर बर्फ. नलूने साखरेत तीळ घोळून आणले, गूळ नाही. मांडीवरची जखम कपाळापेक्षा जास्त छळते. कातडी जिथली घेतली तिथे खाज, आणि हात लावायचा नाही.

घरची आठवण फार. ह्यांचं पत्र आलं, चार ओळी. 'इकडील सर्व क्षेम. आई बरी आहे. दुसरी पाळी चालू. काळजी घे.' चार ओळींत दोनदा 'काळजी'. दुसरी खोडलेली आहे.

२ फेब्रु.

शेवटची तपासणी. सर्जननी विचारलं, तिकडे तुमच्याकडे कोण बघणार? नलू म्हणाली, फॅमिली डॉक्टर आहेत. त्यांच्यासाठी त्यांनी चिठ्ठी दिली, दर तीन महिन्यांनी फोटो पाठवा म्हणाले.

आमचे फॅमिली डॉक्टर म्हणजे चिंचवड स्टेशनजवळचे. तापाला लाल औषध, खोकल्याला पिवळं. माणूस चांगला. पण हे?

नलू रात्री रडली. मी नाही. मला जून दिसतो आहे. जूनमध्ये पहिलीचा वर्ग परत हवा. एवढ्याचसाठी अंगाची चाळण करून घेतली. भाजून परत गेले तेव्हा पहिलीची पोरं माझ्याकडे बघून किंचाळून रडली. एक तर दारातून पळालं. हेडमास्तर म्हणाले, बाई, तुम्ही ऑफिसात बसा काही दिवस, कॅटलॉग भरा. ते काही दिवस अजून चालू आहेत. लोकांना वाटतं, रूप पाहिजे होतं हिला. रूप गेलं खड्ड्यात. मला फळ्यासमोर उभं राहायचं आहे.

९ फेब्रु. चिंचवड.

पोहोचले. सांताक्रूझ विमानतळावर हे घ्यायला आले होते. मला बघून बॅग घेतली. गाडीत बऱ्याच वेळाने म्हणाले, "डोळा बसला नीट."

घरी दारातच सासूबाईंनी तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. मग हनुवटीला धरून चेहरा उजेडाकडे केला. खूप वेळ बघितलं.

"ग्वाड झालं गं. आन् कुकू कुठं हाय?"

सांगितलं सगळं. वर्षभर नाही म्हणून.

"वरीसभर?"

"हो."

"माझा ल्योक जिता हाय," एवढंच बोलल्या आणि चुलीकडे वळल्या.

सासूबाई चऱ्होलीच्या. सासरे फार लवकर गेले. त्यांच्या कपाळावर आता गोंदणाचा हिरवा ठिपका तेवढा आहे. त्यामुळे मी त्यांच्याशी वाद घालत नाही. घालायचा असतो, पण ओठावर येऊन थांबतो.

१३ फेब्रु.

डॉक्टरांकडे चिठ्ठी घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून वाचली, परत वाचली, घडी करून माझ्या हातात दिली. "ताई, ह्याला मी हात लावणार नाही. ज्यांनी शिवलंय त्यांनाच विचारायचं." व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. पैसे घेतले नाहीत.

म्हणजे इथे बघणारं कोणी नाही. मी आणि हे.

१५ फेब्रु.

मालिश ह्यांनी सुरू केली. मला स्वतःला जमत नाही, दाब सारखा पडत नाही. हे कारखान्याच्या टूलरूममध्ये डाय, म्हणजे प्रेसचे साचे, बसवतात. पत्र्याची कड अंगठ्याने चाचपायची जन्माची सवय. पहिल्या पाळीला जायच्या आधी एकदा, आल्यावर एकदा. मी खाली बसते, हे खाटेच्या कडेला. डोळे मिटून करतात. "इथं जरा ताठर आहे." "इथं सैल झालं." लग्नाला नऊ वर्षं झाली. इतका वेळ माझ्या कपाळाला हात लावून हे कधी बसले नव्हते. लाज वाटते. बरंही वाटतं.

सा.बा. तेवढा वेळ बाहेर ओट्यावर जाऊन बसतात.

२८ फेब्रु.

कुंकवावरून घरात अबोला. ह्यांनी तोड काढली: मंगळसूत्राला लाव, भांगाच्या टोकाला लाव. मंगळसूत्राला लावते. भांगाला सा.बा. नको म्हणाल्या, "आपल्यात भांगात भरत न्हाईत. कपाळ ते कपाळ."

हे म्हणाले, "आई, डॉक्टरनं सांगितलंय."

"त्या डागदरची बायकू काय लावती का कपाळाला? त्याला काय ठावं?"

हे तिथेच हसले. मीही हसले असते, पण भुवईखाली ओढ बसते.

१० मार्च

ऊन चढलं. बाजारात जाताना काळी छत्री. पावसाचा पत्ता नाही आणि बाई छत्री घेऊन चाललेली. पिंपरी कॅम्पात पोरांनी "मॅडम, गळतंय का आभाळ?" केलं. नळावर शेजारच्या जाधववहिनी तोंडावर म्हणतात, "विलायतेचं पाणी मानवलं हो." पाठ वळली की, "पोरं ना बाळं, रूप करून आली." मला ऐकू जावं अशाच बेताने म्हणतात. बादली भरेपर्यंत हूं का चूं केलं नाही. घरी येऊन बादली आपटली. हंडा पण.

१९ मार्च

फोटोचा घोटाळा! सर्जनना पाठवायला कॅम्पातल्या स्टुडिओत फोटो काढला होता. आज आणायला गेले. पाकीट उघडलं तर फोटोत कपाळ आरशासारखं गुळगुळीत. ना टाके, ना जांभळा रंग. फोटोवाला खूश. "बहनजी, पेन्सिल से सब ठीक कर दिया. रिश्तेदारों को भेजना है ना?"

म्हटलं, अहो, डॉक्टरला पाठवायचा आहे, व्रण बघायला! बिचारा ओशाळला. परत बसवलं, परत काढला. "जैसा है वैसा?" तीनदा विचारलं त्याने. जैसा है वैसा.

पण तो गुळगुळीत फोटो मी परत दिला नाही. पिशवीत टाकून घेऊन आले. का, ते लिहीत नाही.

६ एप्रिल

हेडमास्तर रस्त्यात भेटले. थांबून निरखून बघितलं, मग त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. "बराच फरक आहे. जूनमध्ये बघू. पहिलीच्या बाईंची बदली होतेय म्हणतात. कातडीचा रंग बसला पाहिजे मात्र. पोरं घाबरता कामा नयेत."

जूनपर्यंत रंग बसेल असं नलूने लिहिलं आहे. 'जप, ताई. आता काही लावलंस तर सगळं पाण्यात.'

१४ एप्रिल

शेजारी चैत्राचं हळदीकुंकू. जायचं नव्हतं, सा.बा. नी ढकललं. गेल्यावर जाधववहिनी करंडा घेऊन ओळीने लावत आल्या. माझ्यापाशी थांबल्या. बोट कुंकवात, हात अधांतरी. मी म्हटलं, मंगळसूत्राला लावा. लावलं. सगळ्या जणी बघत होत्या. डाळ आणि पन्हं घेतलं आणि आले. डाळ छान होती हे कबूल केलं पाहिजे.

सा.बा. नी विचारलं, "लावलं का?"

"मंगळसूत्राला."

संध्याकाळी देव्हाऱ्यापुढे बराच वेळ बसल्या होत्या.

१९ एप्रिल

दुपारी ह्यांच्याबरोबरचे शिंदे सायकलवर आले. "वहिनी, घाबरू नका."

मी दारात आले.

"हात सापडला प्रेसमध्ये. विम्याच्या दवाखान्यात नेलंय." किती सापडला, कुठला हात, काही सांगेनात. चेहरा पांढराफटक. पँटवर रक्त.

सा.बा. मटकन खाली बसल्या. एक शब्द नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. हे लिहून ठेवते, कारण पुढे कोणी म्हणेल त्यांनी सांगितलं. नाही सांगितलं.

चपला घातल्या. परत काढल्या. देव्हाऱ्यापाशी गेले, करंड्यात बोट बुडवलं आणि कपाळाच्या मधोमध टेकवलं. चांगलं दाबून, गोल.

मग निघाले. छत्री घरीच राहिली.

२० एप्रिल

उजव्या हाताचा अंगठा गेला. पेरापासून. शेजारच्या बोटाचं टोक. काल ऑपरेशन झालं. आज अंगात ताप. डॉक्टर म्हणतात, जखम चिघळली नाही म्हणजे मिळवली. म्हणजे चिघळू शकते.

हे शुद्धीत आहेत आणि नाहीतही. "साच्याचा बोल्ट," म्हणतात सारखे. बोल्ट, बोल्ट.

कपाळ चुरचुरतं. पुसायला हवं. मला कळत नाही असं नाही. हात वर जातो आणि थांबतो. हे तापात पडलेले आणि मी इकडे कुंकू पुसायचं? पुसणं हा शब्दच मनात येऊ देत नाही.

मुलांना शिकवलेली बाई मी. जंतू कसे असतात ते फळ्यावर काढून दाखवलंय.

२२ एप्रिल

ताप १०३. आंघोळीला पाणी खांद्यावरूनच घेतलं. घामाने ओघळलं होतं, परत लावलं. भोवतीचं सगळं लाल झालं आहे, खाज सुटली आहे, डाव्या डोळ्यापर्यंत फुगलं आहे. वॉर्डातल्या बायकांना वाटतं रडून रडून झालंय.

नलूला कळवलेलं नाही.

२४ एप्रिल

सकाळी ताप थोडा उतरला. ह्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, नीट बघितलं.

"कपाळाला काय झालं तुझ्या?"

"काही नाही."

"पूस ते."

"तुम्ही असं म्हणू नका."

"अगं, सगळं जाईल ना. तुझा वर्ग..."

मी म्हटलं, जाऊ दे वर्ग. खरंच म्हटलं. ह्यांनी डावा हात उचलला, कपाळापर्यंत आला नाही, खाली पडला. मग तोंड भिंतीकडे केलं. रडत होते का ते विचारलं नाही.

दुपारी परत ताप.

२५ एप्रिल

घरी डबा करायला आले होते. सा.बा. भाकरी थापत होत्या. माझ्याकडे वळल्या आणि हात पिठातच राहिला. कुंकवाच्या कडेने पाणी झरत होतं, बहुतेक पू.

"हिकडं ये. बस."

बसले. त्यांनी हात धुतले, खोबरेल घेतलं, धुतलेल्या धोतराचा मऊ तुकडा घेतला. मला कळलं. मी त्यांचा हात धरला. "आई, नको. त्यांना ताप आहे."

"म्हायती हाय."

"आत्ता नको. उतरू दे."

"तू न्हाई पुसायचं. मी पुसते. माझं कवाच पुसून झालंय, मला कशाचं भ्या?"

आणि पुसलं. इतक्या हलक्या हाताने की दुखलंही नाही. एका हाताने माझं डोकं धरून ठेवलं होतं. तोंडाने हळूहळू चालू होतं, "काय हुत न्हाई. काय हुत न्हाई माझ्या पोराला." मला म्हणत होत्या की देवाला की स्वतःला, काय माहीत. मी मोठ्याने रडले. दोन वर्षांत एवढी रडले नव्हते.

मग म्हणाल्या, "आता तुजी ती विलायती पट्टी कशी करत्यात ते सांग." मिठाचं पाणी उकळून गार करून, कापड भिजवून ठेवायचं, नलूने शिकवलं होतं तसं. सांगितलं. केलं त्यांनी.

डबा घेऊन मोकळ्या कपाळाने दवाखान्यात गेले.

२६ एप्रिल

ताप उतरला. आज सकाळी. कालपासून नवीन इंजेक्शन सुरू होतं, त्याने. लिहून ठेवते, इंजेक्शनने.

२९ एप्रिल

पुण्यात कातडीच्या डॉक्टरांना दाखवलं. ताप उतरल्यावर नलूला तार केली होती, तिने उलट तारेने नाव पाठवलं, कुणाकुणाला विचारून. म्हणाले, कुंकवात काय काय घालतात हल्ली, साध्या कातडीलाही सोसत नाही. मलम दिलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

विचारलं, रंग राहील का? म्हणाले, ऊन टाळा.

६ मे

हे घरी आले. हाताला भलं मोठं बांधलेलं. ड्रेसिंग मी करते. वाफवलेलं कापड, हात कोपरापर्यंत धुवायचे, जखमेवर श्वास सोडायचा नाही. इंग्लंडला माझ्यावर जे जे केलं ते सगळं आता ह्यांच्यावर. अंगठ्याच्या जागी टोचलेली, शिवलेली गाठ. पहिल्यांदा उघडली तेव्हा ह्यांनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, बघा. आरसा शेवटी आपणच उचलावा लागतो.

"डाय कशी चाचपायची आता?" म्हणाले.

कंपनी म्हणते, स्टोअरमध्ये बसवू. म्हणजे ह्यांनाही कॅटलॉग.

९ मे

सूज उतरली. खपली पडली. आणि खाली डाग. काळपट, गोल, बरोब्बर कुंकवाएवढा, बरोब्बर कुंकवाच्या जागी. बाकी कातडी गुलाबी आणि मधोमध हा. लांबून कोणालाही वाटावं, लावलंय.

जाधववहिनी नळावर म्हणाल्या, "बरं केलंत हो, सुरुवात केलीत ते." मी हो म्हटलं.

सा.बा. ना कोणीतरी हेच बोलून दाखवलं. त्या घरात येऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "असं नव्हतं मागितलं मी," म्हणाल्या. मला त्यांची समजूत घालावी लागली. समजूत घालता घालता राग आला, त्यांचा, माझा, सगळ्यांचाच. जेवले नाही. मग जेवले.

१२ मे

मालिश परत सुरू करायला हवी, भुवई वर सरकायला लागली आहे. ह्यांना जमणं शक्य नाही. परवा डाव्या हाताने करून बघितलं, दाब तिरका पडतो, चिडले आणि उठून गेले.

सा.बा. पुढे झाल्या. "मला दाव."

लॅनोलिनचा वास त्यांना सोसत नाही, मेंढीच्या लोकरीचं असतं ना ते. नाकाला पदर लावून करतात. भाकरी थापून थापून अंगठा नुसता दगड. पण दोन दिवसांत शिकल्या. डागावर आल्या की अंगठा थांबतो. मग पुढे जातो.

आता हे ओट्यावर जाऊन बसतात.

२५ मे

नलूचं पत्र. तिला मी सगळं लिहिलं होतं, एक शब्द न लपवता. सर्जननी तिला विचारलं, तुझ्या बहिणीला माहीत होतं ना लावायचं नाही? नलू म्हणाली, होतं. मग का लावलं? नलू म्हणाली, तिचा नवरा दवाखान्यात होता. ते म्हणाले, त्याचा ह्याच्याशी काय संबंध?

नलू लिहिते, 'ताई, ह्या वेळी पण मला सांगता आलं नाही. पण तुला वेडी म्हणाले असते तर मी भांडले असते.'

त्यांचं म्हणणं: डाग पुसट होईल किंवा होणार नाही. वर्ष थांबा. नाहीच गेला तर तेवढा भाग कापून नवीन तुकडा बसवता येईल, लहानसं काम, पण तिकडेच यावं लागेल.

ह्यांनी पत्र दोनदा वाचलं. "जायचं तर जाऊ. बघू कसं ते." स्टोअरमध्ये बसायची पाळी आलेला माणूस बोलतोय, पैसा कुठून येणार? मी म्हटलं, आत्ता काही ठरवायचं नाही.

२ जून

हेडमास्तरांना भेटायला गेले. चेहरा उजेडाकडे करून उभी राहिले, मुद्दाम. ते बघून म्हणाले, "अरे वा, कुंकू लावायला लागलात."

म्हटलं, नाही सर, डाग आहे. न सांगता चाललं असतं. पण मग रोज सांभाळावं लागलं असतं.

ते टेबलावरची पेन्सिल फिरवत राहिले. पहिलीच्या बाईंची बदली झाली आहे, दुसरं कोणी अजून आलेलं नाही. "पंधरा दिवस घेऊन बघा वर्ग. पालकांची तक्रार आली तर मात्र माझा नाइलाज आहे, बाई."

पंधरा दिवस. ठीक.

११ जून

उद्या शाळा. निळी साडी काढून ठेवली. ह्यांनी डाव्या हाताने खडूची पेटी भरून दिली, माझ्याकडे न बघता.

मी म्हटलं, डोक्यावरून पदर पुढे ओढून घेते उद्या, कपाळ झाकेल, पहिला दिवस आहे.

सा.बा. मालिश करत होत्या. "न्हाई घ्यायचा," म्हणाल्या. "पदर सुटला की पोरं जास्ती भ्यात्यात. उघडंच जा."

१२ जून

सातला वर्गात. खोलीत माणसांचा, नव्या दप्तरांचा वास. आया दाराशी, पोरं आयांच्या कमरेला. मी उघड्या कपाळाने फळ्यासमोर.

आयांनी माझ्याकडे बघितलं. एकीने दुसरीच्या कानाला तोंड लावलं. मग घंटा झाली आणि आया निघाल्या, आणि पोरांनी भोकाड पसरलं. एक रडलं म्हणून दुसरं, मग अख्खी रांग. कोणी माझ्याकडे बघून रडत होतं, कोणी दाराकडे, कोणी डोळे गच्च मिटून. एक मुलगी माझ्याच पदरात तोंड खुपसून रडत होती, आणि वर बघितलं की परत आणि जोरात.

हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते. पहिलीच्या पहिल्या दिवशी सगळीच पोरं रडतात, आईसाठी. दर वर्षी रडतात. ह्यातलं आईसाठी कोणतं आणि माझ्यासाठी कोणतं, ते त्यांना ओळखता आलं नाही. मलाही आलं नाही.

ते गेले. मी मुलीचं नाक पुसलं, तिला तशीच कडेवर घेतली आणि फळ्यावर ग काढला.